नळासाठी नदी किती उपसावी? मर्यादा कुठे घालायची, कशी मोजायची

फोंडा तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे: "आमचे कुळागर (नारळ-सुपारीची बाग) नदीकाठी आहे. वरच्या अंगाला सरकारी पंपघर. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पात्रात पायाचा घोटा बुडेल एवढेही पाणी उरत नाही. आम्हाला साधी बोअर मारायची तर परवानगी लागते. या एवढ्या मोठ्या पंपांना काही मर्यादा आहे की नाही? आता प्रकल्पाची क्षमता वाढवणार म्हणतात. त्याला ग्रामसभेत विरोध करावा का?"

मर्यादा घालता येते आणि ती घातलीच पाहिजे. पण क्षमतावाढीला सरसकट विरोध करू नका, कारण तुमचे दुखणे क्षमतेत नाही. प्रकल्प किती एमएलडीचा (दिवसाला किती दशलक्ष लिटरचा) आहे यावरून नदीचे काय होणार ते ठरत नाही. पंपघराच्या खाली, सुक्या दिवसांत, रोज किती पाणी वाहते राहते यावरून ते ठरते. लढायचे असेल तर त्या आकड्यासाठी लढा.

गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा थोडा वेगळा आहे. पुण्यात किंवा नाशिकमध्ये महापालिका पाणी उचलते आणि जलसंपदा खाते तिला ते मोजून देते. आपल्याकडे पणजी महानगरपालिका किंवा मडगावची नगरपालिका नदीतून पाणी उपसत नाही. पाणी उपसणे, शुद्ध करणे, वाहून नेणे, बिले पाठवणे हे सगळे वर्षानुवर्षे सार्वजनिक बांधकाम खात्याने केले. आता त्यासाठी वेगळे पेयजल खाते झाले आहे. नदी आणि धरणे जलस्रोत खात्याकडे. म्हणजे पाणी देणारा आणि घेणारा एकाच सरकारचे. एका खात्याने दुसऱ्याला 'आज पंप बंद करा' असे लेखी कळवणे किती अवघड असते, हे मी या कामात आयुष्य घालवल्यामुळे सांगू शकतो. अभियंते वाईट नसतात. मे महिन्यात नळ कोरडा पडला तर फोन त्यांना येतो; नदी कोरडी पडली तर कोणालाच येत नाही.

तुमची तुलना रास्त आहे. गोव्याचा भूजल नियमन कायदा २००२ चा. विहीर किंवा बोअर खणायला परवानगी, असलेल्या विहिरींची नोंदणी, टँकरने पाणी न्यायचे तर त्याची नोंद, हे सगळे त्यात आहे. त्यामागचा विचार असा की जमिनीखालचे पाणी एकाने उपसले तर शेजाऱ्याचे आटते. मग नदीचे पाणी वरच्याने उपसले तर खालच्याचे आटत नाही का? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की नद्यांसारख्या नैसर्गिक ठेव्यांचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो.

आता खुद्द हिशेबाकडे येतो, कारण सगळी गफलत तिथे होते.

१०० एमएलडी म्हणजे दिवसाला १० कोटी लिटर. सेकंदाला साधारण १,१६० लिटर, जुन्या भाषेत ४१ क्युसेक (सेकंदाला ४१ घनफूट). वर्षभर असे पंप चालले तर एकूण उचल होते ३६.५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १.३ टीएमसी (अब्ज घनफूट). म्हादई (खालच्या भागात हिलाच मांडवी म्हणतात) जलतंटा लवादाने २०१८ च्या निवाड्यात संपूर्ण खोऱ्याचे पाणी, चारपैकी तीन वर्षे मिळेल अशा हिशेबाने, १८८.०६ टीएमसी धरले आहे. त्यापुढे १.३ म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. प्रकल्पाच्या कागदावर हे गणित मांडले की कोणीही म्हणेल, एवढ्याने नदीला काय होणार?

पण ते १८८ टीएमसी वाहते कधी? गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला सुमारे नऊ दशांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैमध्ये मांडवीला मिळणाऱ्या खांडेपार नदीतून ४१ क्युसेक काढले तर पातळीच्या पट्टीवर फरक दिसणार नाही. तेच ४१ क्युसेक १५ मेला काढले तर नदीचा मोठा हिस्सा गेला, एखाद्या वर्षी सगळीच गेली. पंप तोच, पाइप तोच, एमएलडी तेच. म्हणून वार्षिक सरासरीवर दिलेली कोणतीही परवानगी नदीचे रक्षण करू शकत नाही. परवानगी महिनावार हवी आणि फेब्रुवारी ते मे दिवसवार हवी.

धरणाची गोष्ट वेगळी, हेही ध्यानात घ्या. साळावलीत २३४ दशलक्ष घनमीटर पाणी साठते. तिथल्या मूळ १६० एमएलडीच्या प्रकल्पाची वर्षाची उचल ५८ दशलक्ष घनमीटरच्या आसपास, म्हणजे साठ्याचा चौथा हिस्सा. पावसाळा संपला की किती साठले ते दिसते. त्यातून पिण्याचे, शेतीचे, बाष्पीभवनाचे असे वाटे पाडता येतात. खांडेपार नदीवरच्या ओपासारख्या ठिकाणी धरणच नाही. मूळ प्रकल्प पोर्तुगीज काळातला, १९५७ चा. तिथे वाहती नदी उचलली जाते, बंधाऱ्यांनी थोडी अडवून. उन्हाळ्यात कमी पडले तर वरच्या बंधाऱ्यांतून किंवा खाणींच्या खंदकांतून पाणी सोडून नदी भरावी लागते. (खंदकातले पाणी फुकटचे वाटते, पण भूजलपातळीच्या खाली गेलेला खंदक उपसला की आसपासच्या विहिरी आणि झरी त्यात झिरपतात. तो उपसासुद्धा मोजला पाहिजे.) जिथे साठा आहे तिथे वार्षिक कोटा चालतो. जिथे वाहते पाणी उचलायचे तिथे रोजची मर्यादाच हवी.

आणखी एक. मांडवीच्या खोऱ्यात दाबोस, गांजे, पडोसे, ओपा असे अनेक प्रकल्प आहेत. प्रत्येकाचा विचार स्वतंत्र झाला तर प्रत्येकजण निरुपद्रवी दिसतो. नदीच्या दृष्टीने तो एकच उपसा आहे. एका प्रकल्पाची क्षमता वाढवताना संपूर्ण खोऱ्याच्या मे महिन्याच्या प्रवाहाचा ताळेबंद समोर ठेवायला हवा.

समुद्राकडे वाहून जाणारे पाणी वाया जाते, असे अजूनही मोठमोठे लोक बोलतात. गोव्यात राहून तरी कोणी असे बोलू नये. मांडवीत भरतीचे पाणी गांज्यापर्यंत चढते, जुवारीत सावर्ड्यापर्यंत. खारे पाणी किती आत येणार हे वरून येणाऱ्या गोड्या पाण्याच्या रेट्यावर ठरते. तो रेटा घटला की खार आत सरकते: आधी खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या) बांधाबाहेर, मग मानशीतून (बांधातल्या झडपेतून) पोयीत, म्हणजे आतल्या तळ्यात, मग काठच्या विहिरींत. वायंगण (पावसाळ्यानंतरच्या) शेतीला गोडे पाणी लागते ते याच सुक्या महिन्यांत. तिसऱ्या-खुबे हे शिंपले, खाडीत वाढणारे मासे यांना खारट-गोड्याचे ठरावीक प्रमाण लागते. म्हादईचे पाणी वळवू नका म्हणून आपण कर्नाटकाला जे कारण सांगतो ते हेच, आणि ते शंभर टक्के खरे आहे. म्हणूनच आपल्या स्वतःच्या पंपघरांना तेच माप लावायला हवे. आपल्या प्रत्येक पंपघराच्या खालचा रोजचा प्रवाह आपण मोजून प्रसिद्ध केला तर लवादापुढे किंवा न्यायालयात आपली बाजू जास्त भक्कम होईल.

मर्यादा दिसते कशी? इंग्लंडमध्ये दिवसाला २० घनमीटरपेक्षा, म्हणजे दोन मोठ्या टँकरपेक्षा जास्त पाणी काढायचे तर परवाना लागतो, आणि नदीवरच्या अनेक परवान्यांत अट असते की अमुक ठिकाणी प्रवाह अमुक आकड्याखाली उतरला की उपसा थांबवायचा. पाणी कंपनी असो वा शेतकरी. आपल्याकडे केंद्राने २०१८ मध्ये गंगेसाठी अशी अधिसूचना काढली: उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च मासिक प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे २५ टक्के, पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत राहिलेच पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सर्वच नद्यांसाठी सुक्या हंगामातील सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के राखण्यास सांगितले. मला हा आकडा गोव्यासाठी अपुरा वाटतो. आपल्या नद्या आखूड, खाड्या लांब, आणि सुक्या हंगामातला प्रवाह आधीच इतका बारीक की त्याच्या १५ टक्क्यांत खाजने जगणार नाहीत. नदीवार अभ्यास करून आकडा ठरवावा, पण अभ्यास होईपर्यंत काहीच नको असे चालणार नाही. तात्पुरता आकडा आजच लावता येतो.

लावायचा कसा, ते सांगतो, कारण इथे फार गोंधळ घातला जातो. पंपघराच्या खाली मोजायचे तर भरती आड येते; पाणी कधी खाली वाहते, कधी वर. म्हणून मोजमाप भरतीच्या पोहोचेच्या वर, बंधाऱ्यावरच व्हायला हवे. आपल्या वसंत बंधाऱ्यांना पावसाळा संपल्यावर फळ्या घालतात. फळ्या गच्च बसल्या की खाली जाते ते फक्त फटीतून गळणारे पाणी. त्याऐवजी वरच्या फळीत एक मीटर रुंदीची चौकोनी खाच ठेवा, धारदार पत्र्याच्या कडेची. तिच्यावरून ३० सेंटीमीटर जाडीचे पाणी वाहत असेल तर सेकंदाला साधारण ३०० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे २६ एमएलडी खाली जात आहे. जाडी १५ सेंटीमीटर झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर, ९ एमएलडीवर येतो. खाचेच्या थोडे मागे, जिथे पाणी संथ आहे तिथे, एक रंगवलेली पट्टी उभी करा. शाळेतली मुलगीसुद्धा ती वाचून वहीत लिहू शकेल. यासाठी उपग्रह लागत नाही, कंत्राट लागत नाही. प्रत्येक पंपघराखाली अशी खाच आणि पट्टी बसवली, आणि 'पाणी या लाल खुणेखाली उतरले की एक पंप बंद' असा आदेश तिथेच फलकावर लिहिला, तर निम्मे नियमन झाले.

उरलेले निम्मे पंपघराच्या आत आहे. कच्चे पाणी किती उचलले हे अनेक ठिकाणी आजही पंपाचे तास गुणिले पंपाची क्षमता असे काढतात. पंपावरच्या पाटीवरची क्षमता तो नवा असतानाची असते. पंख झिजतात, नदीची पातळी उतरली की उपसण्याची उंची वाढते, आणि खरी उचल आकड्यापेक्षा कितीतरी वेगळी निघते. कच्च्या पाण्याच्या मुख्य नळावर विद्युतचुंबकीय मीटर, आणि दुसरा शुद्ध पाणी बाहेर पडते तिथे हवा. दोघांतला फरक म्हणजे गाळण्या धुण्यात गेलेले पाणी. ते शेकड्यात पाच-सहाच्या वर जाऊ लागले तर आत काहीतरी बिघडले आहे. ते पाणी निवळून पुन्हा वापरात घेता येते. हे मीटर वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे लागतात. तपासणीचा दाखला नसलेल्या मीटरचा आकडा मी कधीच पुरावा म्हणून धरत नाही.

इथवर आल्यावर नेहमीचा आक्षेप येतो: पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क आहे, तिथे मर्यादा कसली? पहिला हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण तो तहानेला आहे, फुटक्या पाइपला नाही. साधा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. सांडपाण्याची वाहिनी असलेल्या शहरांसाठी केंद्राचे माप माणशी दिवसाला १३५ लिटर. सगळ्या गोव्याला, खेड्यापाड्यांसह, हे शहरी माप दिले तरी १९७ एमएलडी होतात. साळावलीचे मूळ १६० आणि ओपाचे शंभराहून अधिक, या दोघांतच त्याहून जास्त पाणी निघते. पर्यटक धरा: वर्षाला ८० लाख, प्रत्येकी चार रात्री, हॉटेलच्या खाटेमागे १८० लिटर. सरासरी १६ एमएलडीच्या आसपास. लोकसंख्या वाढली, उद्योग आहेत, हॉटेलांची हिरवळ आणि तरणतलाव आहेत, हे सगळे धरूनही उंचावरच्या वस्त्यांचे नळ मे महिन्यात कोरडे पडण्याचे कारण फक्त नदीत सापडणार नाही. ते जमिनीखालच्या नळांत आणि न मोजलेल्या जोडण्यांत आहे. केंद्राच्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत हिशेबाबाहेरचे (गळलेले किंवा न मोजता गेलेले) पाणी १५ टक्क्यांच्या आत ठेवा असे म्हटले आहे. तिथे आपण आहोत असे कोणताही जाणकार अभियंता छातीठोकपणे म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या, आणि मला तो मार्ग सर्वांत पटतो. तिथे १९८६ च्या कायद्याने दिवसाला एक लाख गॅलनपेक्षा, म्हणजे पावणेचार लाख लिटरपेक्षा जास्त पाणी उचलणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेवर, गावच्या नळयोजनेवरसुद्धा, नियमन आले. परवाना देताना माप लावतात: घरगुती वापर माणशी दिवसाला ६५ गॅलनच्या आत, आणि हिशेबाबाहेरचे पाणी १० टक्क्यांच्या आत. वाढीव पाणी हवे असेल तर आधी गळती दाखवा. त्यांचे ६५ गॅलन म्हणजे २४६ लिटर. तो आकडा आपण घेऊ नये. अट घ्यावी.

गळती शोधण्याची एक सोपी रीत आहे: रात्री दोन ते चार या वेळात एका भागाच्या नळातून किती पाणी जाते ते मोजणे, कारण तेव्हा कोणी वापरत नसते. आपल्याकडे ही रीत फसते. पाणी ठरावीक वेळच सोडले जाते, आणि घरोघरच्या टाक्या रात्रीच भरतात. म्हणून मोजणीच्या भागात आठ-दहा दिवस अखंड पाणी द्यावे लागते, टाक्या भरून तुडुंब झाल्या की मग खरी गळती दिसते. कटकटीचे काम आहे, पण ते केल्याशिवाय 'अमुक टक्के गळती' हे वाक्य नुसते अंदाज आहे.

नळाला मर्यादा घालताना टँकर मोकळे सोडू नका. बार्देश-सालसेतच्या किनारपट्टीत नळ कमी पडला की हॉटेल टँकर मागवते आणि टँकर विहिरीवर जातो. किनाऱ्याजवळच्या वाळूत समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर ते खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खाऱ्याला दाबून धरते. वरचे अर्धा मीटर उपसले की खार वीस मीटर वर येऊ पाहते. एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात. तेव्हा नदी आणि विहीर यांचा उपसा एकाच वहीत लिहिला गेला पाहिजे.

हे सगळे पाहणार कोण? महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले, देशातले पहिले. खडकवासला धरणसाखळीतून पुणे महापालिका मंजूर कोट्यापेक्षा जास्त उचलते, ही तक्रार तिथे गेली. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला निदान दाद मागायला एक दार आहे. कोट्यावरच्या पाण्याला जास्त दर लागतो. पुण्याचा वाद त्यामुळे मिटला असे नाही, पण आकडे उघड्यावर आले. गोव्याला एवढा मोठा डोलारा नको. तीन माणसे पुरेत: एक जलविज्ञान जाणणारा, एक न्यायालयीन अनुभवाचा, एक खालच्या काठच्या शेतकरी-मच्छीमारांकडून. पाणी देणाऱ्या आणि उचलणाऱ्या दोन्ही खात्यांबाहेरची.

तुमच्यापुरते सांगतो. माहितीच्या अधिकाराखाली दोन अर्ज करा, फी प्रत्येकी दहा रुपये. पाणीपुरवठा खात्याकडे मागा: गेल्या तीन वर्षांतील फेब्रुवारी ते मे, कच्च्या पाण्याच्या पंपांच्या लॉगबुकच्या प्रती, मुख्य मीटरची रोजची वाचने, मीटर तपासणीचा दाखला. जलस्रोत खात्याकडे मागा: या ठिकाणी पाणी उचलण्यास दिलेल्या परवानगीची प्रत अटींसह, आणि पंपघराच्या खाली याच महिन्यांत केलेल्या प्रवाहमापनाच्या नोंदी. 'पाणी का कमी आहे' असे विचारू नका, कागद मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे, नाही आले तर पहिले अपील करा. परवानगीत अटच नसेल किंवा प्रवाह मोजलाच नसेल, तर ते उत्तरही तुमच्या कामाचे आहे, लेखी जपून ठेवा.

ग्रामसभेत ठराव मांडाल तर त्यात क्षमतावाढीला 'नाही' लिहू नका. पणजी-फोंड्यातले लोक तुमचे शत्रू नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ मुख्य जलवाहिन्या फुटल्या तेव्हा फोंडा आणि तिसवाडीत दिवसेंदिवस लोकांचे कसे हाल झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. ठरावात तीन अटी घाला: बंधाऱ्यात मोजता येणारी खाच आणि लाल खूण, रोजची उचल आणि खालचा प्रवाह पंचायतीच्या फलकावर, आणि वाढीव पाणी गळतीचा तपासलेला हिशेब दिल्यावरच. ठरावाची प्रत दोन्ही खात्यांना पोहोच घेऊन द्या. हे सगळे फळ्या बसण्याआधी, ऑक्टोबरच्या ग्रामसभेत करा. एकदा फळ्या बसल्या की खाच ठेवायला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागेल.